तिकिटं काढली आहेत, रागवायचं ते आल्यावर

पुणे, 11 जानेवारी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आईने "बघू गं, उन्हाळ्यात" म्हणून विषय गुंडाळला असता आणि बाबांनी "हे घे, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकला असता. म्हणून पत्र. बाबांनी मोठ्याने वाचायचं आणि संपेपर्यंत आईने गॅस बंद करायला उठायचं नाही. आधीच बंद करून ये.

तर, तिकिटं काढली आहेत. 2 फेब्रुवारीला तुम्ही दोघं तंजावरला निघताय, 7 तारखेला परत. पुणे-चेन्नई विमान, चेन्नई-तिरुची विमान, तिथून पुढे गाडी. हॉटेल ठरलंय, गाडी पाचही दिवस तुमच्याच दिमतीला आहे, ड्रायव्हरला हिंदी येतं का हेसुद्धा विचारून घेतलंय. पैसे दादाने आणि मी निम्मे-निम्मे भरलेत. आता रद्द केलं तर फारसं काही परत मिळत नाही. हे शेवटचं वाक्य खास आईसाठी.

आणि आम्ही कोणी बरोबर येत नाही.

गणपतीत मीच म्हणाले होते ना, सगळे मिळून जाऊ म्हणून. आठवतंय मला. बाबांनी दुसऱ्याच दिवशी नकाशा काढून ठेवला होता तेही आठवतंय. त्याच्या आधीच्या वर्षीही ठरवलं आणि माझ्याचमुळे राहिलं. आता अर्णवची दहावी तोंडावर आली, माझ्या ऑफिसात मार्चअखेरची कामं आत्तापासूनच सुरू झाली, दादाला बंगळूरहून सुट्टी मिळायची मारामार. तिन्ही कारणं खरी आहेत. पण ती नसती तरी मी आले नसते, आणि हे तुम्हाला कसं सांगावं म्हणून चार दिवस पत्र अडलं होतं.

दिवाळीत तुमच्याकडे कपाट आवरलं तेव्हा सगळे अल्बम खाली काढले होते. तुमचा दोघांचाच असा फोटो शोधत होते, या चार तारखेच्या तुमच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी मोठा करून घ्यायला. एक मिळाला. लग्नातला. त्यातही भटजींचा हात आलाय. महाबळेश्वरला नवेनवे गेलात तर मधे आत्या उभी. अष्टविनायकाला आजी. काशीला काका-काकू आणि त्यांची ती वळकटी. गोव्याला मी आणि माझा गोवर. पंचेचाळीस वर्षांत तुम्ही दोघं एकटे कुठे गेलात ते आठवून बघा. दवाखाना धरायचा नाही.

आई, तू म्हणशील आमचं काय वय आहे आता असलं. तू आजीच्या आजारपणात अकरा वर्षं उंबऱ्याबाहेर एक रात्र काढली नाहीस. माझ्या मंगळागौरीलाही संध्याकाळच्या एसटीने परत गेलीस. आजी जाऊनही दीड वर्ष होईल, आणि दिवाळीत मी पाहिलं, तू अजून पहाटे चारला उठून पुढच्या खोलीत डोकावतेस. काही बोलले नाही तेव्हा. आताही बोलत नाही. फक्त पाच दिवस पहाटे चारला कुठलीच खोली बघायची नाही, एवढं कर.

आता तंजावरच का, ते.

उजनीच्या कॉलनीतल्या शोकेसमधली बाहुली. बाबांच्या साहेबांनी मद्रासच्या ट्रेनिंगहून आणलेली, हिरव्या घागऱ्याची. पंखा लावला की मान, कंबर आणि घागरा तिन्ही वेगवेगळे डुलायचे, आणि बाबा रविवारी ती मोकळी करून दाखवायचे. चार सुटे भाग, आत तारेचं टोक, त्यावर वरचा भाग नुसता टेकलेला. "बघ, कुठेच चिकटवलेलं नाही, म्हणून नाचते." मग ती मी फोडली. मांजराने पाडली असं सांगितलं होतं, ते मांजर मीच होते, आता पस्तीस वर्षांनी कबूल करून टाकते. आईने फेविकॉलने असली घट्ट चिकटवली की त्यानंतर ती नाचायची थांबली. मी रडले तेव्हा बाबा म्हणाले होते, "रडू नकोस मने, आपण तंजावरला जाऊन नवी आणू." ते "जाऊन आणू" आपल्या घरात किती वर्षं चाललंय! फ्रीज घेतला, स्कूटर घेतली, घर बांधलं, दोन लग्नं झाली, आणि ती ताठ मानेची बाई अजून साताऱ्याच्या शोकेसमध्ये उभी आहे.

बाबा, तुमच्यासाठी दुसरं आमिष आहे. तिरुचीहून गाडी सरळ तंजावरला नेणार नाही, थोडी वाट वाकडी करून कल्लणैवरून नेणार. करिकाल या चोळ राजाने बांधलेला बंधारा, अठराएकशे वर्षांपूर्वीचा मानतात. तुम्ही मला शाळेत असताना त्याची आकृती वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवली होती. श्रीरंगमच्या बेटापाशी कावेरी फुटते, एक फाटा कावेरी आणि दुसरा कोळ्ळिडम. कोळ्ळिडमचं पात्र खोलगट, उताराचं, त्यामुळे बेट संपून दोन्ही फाटे जवळ आले की कावेरीचं पाणी तिकडे पळायला बघतं. ते पळू नये, तंजावरच्या भाताला मिळावं म्हणून हा दगडांचा बांध. पाया खणायला खाली खडक नाहीच, नुसती वाळू. मोठे दगड वाळूत टाकायचे, ते आपल्याच वजनाने रुततात, मग त्यावर पुढचे. आर्थर कॉटनसारखा इंग्रज इंजिनिअरही 1830 च्या दशकात हेच बघून वाळूतला पाया शिकला, हे वाक्य तुम्ही प्रत्येक नव्या ओव्हरसियरला ऐकवायचात. तो बंधारा तुम्ही स्वतः अजून पाहिलेला नाही. मला कसंतरीच वाटतं त्याचं.

एक आधीच सांगते. मेट्टूरच्या धरणाचं पाणी नेमाप्रमाणे 12 जूनला सोडतात आणि 28 जानेवारीला बंद करतात. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा पात्रात फारसं पाणी नसायचं. आई म्हणेल कोरडी नदी काय बघायची. तुम्हाला ती तशीच बघायला आवडेल, मला माहीत आहे. वरची दारं आणि पूल नंतरच्या काळातले आहेत, तेव्हा तिथल्या कुणाशी वाद घालत बसू नका. आणि खाली पात्रात उतरायचं नाही. बाबा, नाही म्हणजे नाही. फोटो वरून काढा.

देऊळ मात्र पहाटे. बृहदीश्वर. दुपारी देऊळ बंद असतं, आणि त्याआधीच अंगणातली फरसबंदी अशी तापते की अनवाणी पाय भाजतात. सहाला उघडतं, साडेसहाला पोचा. आईसाठी जाड मोजे मी दिलेल्या निळ्या पिशवीत आहेत. राजराज चोळाने 1010 च्या सुमाराला पूर्ण केलं, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वर माउलींच्याही अडीचशे वर्षं आधी. विमान म्हणजे गाभाऱ्यावरचा तो मनोरा, 66 मीटरच्या आसपास, सगळा ग्रॅनाइटचा, आणि चहूकडे तर नुसती सपाट भातखाचरं. दगड कुठून आणले असतील, वर कसे चढवले असतील, यावर बाबा बोलायला लागले की आईने खुशाल नंदीच्या मंडपात बसून घ्यावं. सावली जमिनीवर पडत नाही असं कुणी सांगेल. पडते. हसून सोडून द्या.

आणि त्याच देवळाच्या आवारात, नैर्ऋत्येच्या बाजूला भिंतीवर मराठी आहे. खरंच मराठी, दगडात कोरलेलं. भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास, दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला. चोळांच्या देवळात, तमिळ मुलखात! बाबा, तुम्ही अजिंक्यताऱ्याकडे बघत चहा पिता आणि सातारची गादी 1848 ला खालसा झाली म्हणून अजून हळहळता. तंजावरची 1855 ला गेली. शहाजीराजांच्या दोन लेकांची ही दोन घरं, एक आपल्या गच्चीवरून दिसतं, दुसरं तेवढं बघून या. चश्मा मात्र जवळचा न्या, लांबचा नको, नाहीतर भिंतीला नाक लावून उभे राहाल.

चश्म्यावरून आठवलं. राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे, त्याचं संग्रहालय बघता येतं. तिथल्या हस्तलिखितांत भोसले राजांनी लिहिलेली मराठी नाटकं आहेत, सांगलीच्या 1843 च्या सीतास्वयंवराच्याही शंभरावर वर्षं आधीची. आणि सरफोजीराजांच्या दवाखान्यातले डोळ्यांच्या रोग्यांचे कागदसुद्धा, मोतीबिंदूचे, डोळ्यांच्या चित्रांसकट. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी तंजावरात लोक मोतीबिंदू काढून घेत होते, आणि आपले बाबा "अजून पिकला नाही" म्हणून तीन वर्षं पुढे ढकलतायत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख घेतली आहे. हे या पत्रात सांगायचं नव्हतं, पण ओघात आलं.

आईसाठी तिरुवैयारू. तंजावरपासून तेरा-चौदा किलोमीटर, कावेरीच्या काठी त्यागराजांची, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या थोर संत-रचनाकारांची समाधी. पौष वद्य पंचमीला तिथे मोठी आराधना होते, शेकडो गवई एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच रचना, गातात. तुम्ही पोचाल तोवर ती गर्दी ओसरलेली असेल, म्हणून मुद्दाम पुढची तारीख धरली. ती समाधी बांधून घेतली गायिका बंगळूर नागरत्नम्मांनी, स्वतःचे पैसे घालून. आणि तिथे बायकांना गायला बसता येत नव्हतं, त्यासाठीही त्याच भांडल्या. आई, तुझ्या भजनी मंडळात हे सांगशील तेव्हा त्या पेटीवरून झालेल्या भांडणाचा उल्लेख करू नकोस म्हणजे झालं. तिथे नुसती बस. वाटलं तर गा. तू स्वयंपाकघरात गुणगुणतेस ना, तेवढ्याच आवाजात. मी लहानपणी ताप आला की तुझ्या पोटाला कान लावून झोपायचे तेव्हा ते आतून ऐकू यायचं. अजून ताप आला की तेच आठवतं, गोळीबिळी नंतर.

असो.

दारासुरम आणि कुंभकोणम ही जवळची देवळांची गावं एका दिवसात होतात, पण ते तुमच्या अंगात असेल तरच. सकाळी आईचा गुडघा काय म्हणतोय ते बघा. नाही जमलं तर हॉटेलच्या बागेत बसा, काही बिघडत नाही, यादी पूर्ण करायला पाठवत नाहीये.

खायचं-प्यायचं. आई, तुझी ही काळजी मला तिकीट काढतानाच ऐकू येत होती. खोली तळमजल्यावर घेतली आहे, लिफ्टचा प्रश्न नाही. कमोड आहे, बाजूला धरायला दांडी आहे, फोटो मागवून बघितला. गरम पाणी चोवीस तास. खोलीत किटली आहे, त्यामुळे तुझा पाच वाजताचा आल्याचा चहा तुझ्या हातचाच होईल. पूड आणि किसणी घेऊन जा, दूध ते देतात. पोळी नीट मिळायची नाही हे धरून चाल. इडली, मऊ पोंगल, दहीभात, बाबांना तर हेच पचतं. सांबार तिथलंच म्हणे, तंजावरच्या मराठी राजांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली म्हणून चिंच घातली आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांचं नाव दिलं. पुरावा काही नाही, गोष्ट छान आहे. बाबा, गोष्टच राहू द्या. आमसुलाचं सार करून तुलना करायला मात्र आईला हरकत नाही, परत आल्यावर.

कॉफी पितळी पेला-वाटीत देतात, कडक आणि गोड. आई, तुझी बिनसाखरेची. "सक्करै वेंडाम" म्हणायचं, म्हणजे साखर नको. बाबांनी एका दिवसात एकच घ्यायची. एक म्हणजे एक, "अर्धी-अर्धी दोनदा" नाही.

आता जरा अवघड विषय. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे, आईच्या गुडघ्यासाठी. चेन्नईला एका विमानातून दुसऱ्यात जाताना बरंच चालावं लागतं, म्हणून. खरं सांगायचं तर दोन सांगितल्या आहेत. बाबा, लगेच पत्र खाली ठेवू नका. तुम्ही रोज चार किलोमीटर चालता, माझ्यापेक्षा ताठ चालता, सगळं मान्य. पण मागच्या जूनमध्ये तुम्ही छातीत दुखतंय हे कुणाला सांगितलं नाहीत, आणि मी पुण्याहून पोचले तेव्हा तुम्ही आत गेला होतात, आई बाहेर एकटी तुमची चप्पल हातात घेऊन बसली होती. एकशे दहा किलोमीटरला मला त्या दिवशी चार तास लागले होते. तर दुसरी खुर्ची तुमच्यासाठी नाहीच, ती माझ्यासाठी आहे असं समजा. बसायचं नसेल तर त्यावर हँडबॅग ठेवा आणि शेजारून चाला. बसलात तर मला सांगूही नका.

गोळ्या मी पाच दिवसांच्या डबीत भरून पाठवतेय, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे आहेत. रक्त पातळ करायची गोळी रात्रीच्या कप्प्यात. जिभेखालची गोळी बाबांच्या शर्टाच्या खिशात, बॅगेत नाही, आईच्या पर्समध्ये आणखी दोन. डॉक्टरांना विचारलंय, त्यांनी खुशाल जा सांगितलं. वर "आम्हाला पण न्या" म्हणाले. फोनचे चार्जर दोन्ही न्या. रात्री साडेआठला एक फोन, एकच, मी करेन. तुम्ही दिवसातून सहा वेळा "पोचलो", "बसलो", "जेवलो" कळवायची गरज नाही. खरं म्हणजे कळवा. पण मी उचलला नाही तर घाबरू नका.

घराचं. कुंड्यांना पाणी शेजारच्या काकू घालणार, विचारून झालं. दूध बंद करायचं सांगितलंय. देवांची पूजा राहील म्हणून तुझा जीव अडकेल हे माहीत होतं, तर तुमचे जावई साताऱ्याला येऊन राहतायत. घरून काम करतील आणि सकाळी पूजा करतील. त्यांना सोवळं-ओवळं कळत नाही, पण अंघोळ करून फुलं वाहतील एवढं नक्की. बाळकृष्णाला दूधसाखर दाखवायची हे मी त्यांना लिहून दिलंय. तू त्यांच्यासाठी पाच दिवसांचा स्वयंपाक करून फ्रीजमध्ये ठेवायचा नाहीस. ठेवशीलच. निदान लाडू करू नकोस, त्यांचं वजन वाढलंय.

4 तारखेला संध्याकाळी काही ठरवलेलं नाही. केक नाही, हॉटेलवाल्यांना काही सांगितलेलं नाही, आईला लाज वाटेल असलं काही होणार नाही. दोघं देवळाच्या आवारात हिरवळीवर बसा. संध्याकाळी तिथे गावातली माणसं अशीच येऊन बसतात, पोरं पळतात, दगड हळूहळू निवत जातो. आई, तू ती डाळिंबी काठाची नेस, जी "कुठे नेसू" म्हणून ठेवली आहेस. बाबा, फोटो काढायला कुणाला तरी सांगा. तुमचा दोघांचाच. मधे कुणाचा हात येऊ देऊ नका.

रागावला असाल तर आठ तारखेला मी साताऱ्याला येते, तेव्हा समोर बसवून रागवा. तोवर बॅगा भरायला घ्या. मोठी बॅग बाबांनी उचलायची नाही.

आणि बाहुली घेताना आधी टिचकी मारून बघा, तिन्ही भाग वेगवेगळे हलतायत ना. हिरव्या घागऱ्याचीच मिळेल असं नाही, कुठलीही चालेल. कागदात गुंडाळून आईच्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. आणि घरी आल्यावर काही निघालं-बिघालं तर, आई, फेविकॉल काढायचा नाही.

तुमची,
मनी